तीन आणि सात नंबरचे पिंजरे

भांडुप
९ फेब्रुवारी २०२५

सुगंधामावशी, नमस्कार.

मी दर्शना. पार्ल्याच्या लॅबमधली, मृणालिनी मॅडमकडे पीएचडी करणारी. तुम्ही जिला डब्यातली भाकरी अर्धी मोडून द्यायचात, ती. दोनदा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. शिवाय मला रजिस्टरची पानं दाखवायची होती आणि तुमचा फोन बटणांचा. म्हणून ऑफिसातून मुलुंडचा पत्ता घेतला आणि झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत.

निवृत्त होऊन तुम्हाला सव्वा महिनाच झालाय, लगेच कामाचं विचारणं बरं दिसत नाही. पण विचारायला दुसरं कोणी नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपण चोवीस उंदरांवर जो प्रयोग केला तो तुम्हाला आठवतच असेल. एक ते चार नंबरच्या पिंजऱ्यांत साधं पाणी, पाच ते आठमध्ये थायरॉइड दाबणारं औषध घातलेलं पाणी. एकेका पिंजऱ्यात तीन उंदीर. ७ ऑक्टोबरला सुरू केलं, २ डिसेंबरला आठ आठवडे भरले आणि आपण काम संपवलं. पाणी बदलायचं आणि सोमवारी वजनं घ्यायची हे काम तुमच्याकडे होतं.

त्या उंदरांच्या रक्ताचे रिपोर्ट आता आलेत. तीन नंबरच्या पिंजऱ्यातल्या तिन्ही उंदरांना आपण साधं पाणी दिलं होतं, तरी त्यांचं थायरॉइड तळाला गेलंय. आणि सात नंबरचे तिघे आठ आठवडे औषध पिऊन अगदी ठणठणीत. मी नमुने पुन्हा तपासले. तेच आलं.

मॅडमनी दोन दिवस रिपोर्ट पुन्हा पुन्हा चाळले. मग म्हणाल्या, सुगंधाबाईंना विचार. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक पिंजरा इकडचा तिकडे झालेला नाही, त्यांना काही आठवत असेल तर तेच खरं.

तर मावशी, पानं बघून काही आठवतं का, एवढंच कळवा. माझं हे पाचवं वर्ष चालू आहे. फेलोशिप ऑगस्टमध्ये संपते. संध्याकाळी इथे भांडुपला क्लासमध्ये दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते आणि घरी येऊन जेवते न जेवते अशी झोपते. तक्रार नाही, पण हे निस्तरल्याशिवाय प्रबंध पुढे सरकणार नाही.

घरी सगळ्यांना नमस्कार.

दर्शना

*

मुलुंड पूर्व
२० फेब्रुवारी २०२५

चि. दर्शना,

तुझं पत्र मिळालं. फोन मुद्दाम उचलला नाही, राग मानू नकोस गो. माझा आवाज बसलाय. बसलाय म्हणजे सर्दीने बसतो तसा नाही, दिवाळीपासून बसलाय तो उठलाच नाही. फोनवर बोलले की समोरचा मला दादा म्हणतो. गावाहून जाऊबाईंचा फोन आला तर त्यांनी आमच्या देवेशशी बोलतेय असं समजून मलाच विचारलं, आई कशी आहे रे. तेव्हापासून फोनच नको वाटतो. लिहिलेलं बरं, पण तेही हळूहळू होतं. हे पत्र चार दिवस लिहिते आहे. बोटांना मुंग्या येतात.

तू पाठवलेली पानं बघितली. अक्षर माझंच आहे. पण तीन नंबर आणि सात नंबरचं म्हणशील तर काही आठवत नाही. सगळं रोजच्यासारखंच केलं. आता डोकं पूर्वीसारखं चालत नाही, गॅसवर काय ठेवलंय तेही विसरते.

घरचं काय सांगू. देवेश कामावर जातो, सून श्वेता घाटकोपरला कुरिअरच्या ऑफिसात जाते. मी दिवसभर पडून असते. एकतीस वर्षं उभ्याने काम केलं, आता बसायला मिळालं तर बसवतही नाही. जमिनीवर बसले की उठताना पलंगाला धरावं लागतं. पोटरीत गोळे येतात. जिना चढताना मध्ये थांबते. फेब्रुवारीत मुलुंडमध्ये लोक पंखे लावतात आणि मी स्वेटर घालून बसते. श्वेताला वाटतं मी कामाचा कंटाळा करते. ती तोंडावर म्हणत नाही, पण भांडी आपटते त्यातून कळतं. तिचं तरी काय चुकलं. मलाही तसंच वाटतं. रिकामं बसलं की माणूस आळशी होत असेल.

निरोपाच्या दिवशी मॅडम माझ्याबद्दल जे बोलल्या ते देवेशने मोबाईलवर घेतलंय. येईल त्याला दाखवतो. मी आत जाऊन बसते.

जेवत जा. घरी तुझ्या आईवडिलांना माझा जय भीम सांग.

सुगंधामावशी

*

भांडुप
२७ फेब्रुवारी २०२५

मावशी,

पत्र वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही स्वतःला आळशी म्हणू नका. इतकी वर्षं सकाळी साडेसातला कामावर जाणारं माणूस एकदम घरी बसलं की असं होतंच. आमचे पप्पा निवृत्त झाल्यावर सहा महिने कोणाशी धड बोलले नव्हते. रोज सकाळी थोडं चालून या, बरं वाटेल. आवाजासाठी गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या करा.

आता कामाचं. मॅडमनी एक तर्क काढलाय. त्या म्हणतात, पिंजऱ्यांवरच्या पाट्याच पहिल्या दिवशी उलट्या लागल्या असतील. म्हणजे ज्याला आपण तीन म्हणतो तो मुळात सात आणि सात तो तीन. तसं असेल तर काहीच बिघडलेलं नाही. उंदरांना जे मिळायचं ते आठही आठवडे नीट मिळालं, फक्त नावं बदलून घ्यायची. रक्ताचे रिपोर्टही त्याच्याशी जुळतात.

तुम्ही कितीदा विचारलं होतंत की या उंदरांच्या पोटऱ्या घेऊन तू करतेस काय. मी दरवेळी घाईत असायचे. आज सांगते. पोटरीत आत एक लालसर स्नायू असतो. तो दिवसभर उभं राहायच्या कामाचा. हळू चालतो पण दमत नाही. नडगीच्या बाजूला एक फिकट स्नायू असतो, तो पळायच्या कामाचा, झटक्यात आकसतो आणि लवकर थकतो. शरीरावर ताण आला की पेशीतली मोडतोड सावरणारी काही प्रथिनं असतात, त्यांना ताण-प्रथिनं म्हणतात. लाल स्नायूत ती नेहमीच भरपूर असतात. फिकट स्नायूत एरवी जवळजवळ नसतात, ताण आला की बनतात. आता थायरॉइड वाढवलं की लाल स्नायू हळूहळू फिकट स्नायूसारखा वागायला लागतो, आणि दाबलं की उलटं. माझा प्रश्न एवढाच की स्नायूने स्वभाव बदलला तर ही प्रथिनंही त्याच्याबरोबर बदलतात, की थायरॉइडचं त्यांच्याशी वेगळंच काही नातं आहे. वाढवलेल्या उंदरांचं काम मी ऑगस्टमध्येच उरकलं. दाबण्याचा भाग म्हणजे हे चोवीस. त्यातले सहा गेले तर उरलेल्यांवरून छातीठोकपणे काही सांगता येत नाही.

सोबत एक टाइप केलेला कागद आहे. पहिल्या दिवशी पाट्या लावताना तीन आणि सात यांची अदलाबदल झाली असावी, असं त्यात आहे. मॅडम म्हणाल्या, बाईंना तसं वाटत असेल तर सही करून पाठवू दे. तुमच्यावर काही येणार नाही, पाटी चुकणं ही काही मोठी गोष्ट नाही.

तसं झालं असेल का, मावशी? नीट आठवून बघा.

दर्शना

*

मुलुंड पूर्व
८ मार्च २०२५

दर्शना,

हो. पाट्याच बदलल्या असतील. सही केली आहे. सही वेडीवाकडी आली, हात जड झालाय. चालेल ना.

चालायला गेले होते. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर बसले ती तासभर उठता येईना. शेवटी दुकानदाराने देवेशला फोन केला. आता जात नाही.

तुझं काम होवो.

सुगंधामावशी

*

भांडुप
२ एप्रिल २०२५

मावशी,

हे पत्र पुढे वाचण्याआधी सोबतची चिठ्ठी श्वेतावहिनींना द्या. काही करून द्याच. मग पुढचं वाचा.

तुमचा सहीचा कागद मॅडमना दिला. त्यांना हायसं वाटलं. पेपरचा मसुदा तयार झाला. मग गेल्या आठवड्यात वजनांचा तक्ता नीट बनवायला बसले. आतापर्यंत मी बारा-बारा उंदरांची सरासरी काढत होते, त्यात काही दिसत नव्हतं. या वेळी एकेका पिंजऱ्याची वेगळी रेघ काढली. औषध पिणाऱ्या उंदरांचं वजन फारसं वाढत नाही. सात नंबरची रेघ पाच आठवडे तशीच आडवी आहे आणि ११ नोव्हेंबरनंतर एकदम वर चढते. तीन नंबरची पाच आठवडे नीट चढते आणि त्याच सोमवारनंतर थांबते.

पाट्या पहिल्या दिवशी उलट्या लागल्या असत्या तर असं झालं नसतं. मधेच काहीतरी बदललंय. बहुतेक पाणी. म्हणजे तुम्ही सही केलेला कागद खरा नाही, आणि मला वाटतं ते तुम्हालाही माहीत होतं.

मी चिडले. खोटं नाही सांगत, खूप चिडले. तुम्हाला खरमरीत लिहायचं म्हणून तुमची आधीची दोन्ही पत्रं काढली, तुम्ही नेमकं काय म्हणाला होतात ते बघायला. आणि वाचता वाचता माझा राग कुठल्या कुठे गेला. आवाज घोगरा. फेब्रुवारीत स्वेटर. पोटरीत गोळे, बसलं की उठता न येणं, बोटांना मुंग्या, सारखी झोप, विसरणं. पहिल्या पत्रात तुमचं अक्षर रजिस्टरसारखं होतं, दुसऱ्यात ते पसरलंय. हे मी पुस्तकात शंभर वेळा वाचलंय. पाचव्या ते आठव्या पिंजऱ्यात मी हेच मुद्दाम घडवून आणत होते. आणि तुम्ही मला स्वतःच्या हाताने लिहून कळवलंत तेव्हा मी तुम्हाला गुळण्या करायला सांगितल्या. चालायला पाठवलं.

मी डॉक्टर नाही, माझं चुकत असेल. पण थायरॉइडची रक्ततपासणी करायला एक सुई टोचावी लागते, बाकी काही नाही. चिठ्ठीत मी श्वेतावहिनींना तपासणीचं नाव आणि माझा नंबर लिहिलाय. उद्याच जा. चालत जाऊ नका, रिक्षा करा.

पिंजऱ्यांचं राहू द्या. मॅडमना मी वजनांचं अजून सांगितलेलं नाही. पेपर का पाठवत नाहीस, म्हणून त्या विचारतात आणि मी रोज काहीतरी कारण सांगते.

दर्शना

*

मुलुंड पूर्व
१३ एप्रिल २०२५

दर्शना यांस,

मी श्वेता, सुगंधाबाईंची सून. तुमच्याशी फोनवर दोनदा बोलले, पण तेव्हा आजूबाजूला माणसं होती आणि जे बोलायचं ते राहून गेलं. म्हणून लिहिते.

तुमची चिठ्ठी मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हाफ डे टाकून आईंना रक्त द्यायला नेलं. खरं सांगायचं तर मनात होतं की रिपोर्ट नॉर्मल येईल आणि मग मी तो देवेशना दाखवीन. रिपोर्ट संध्याकाळी आला. टीएसएच म्हणजे थायरॉइड कमी पडलं की वाढणारा आकडा, तो चार-साडेचारपर्यंत असायला पाहिजे. आईंचा शंभराच्या वर होता. लॅबवाला म्हणाला, त्यापुढे आमचं मशीन मोजत नाही. हॉस्पिटलमध्ये नेलं तर त्यांनी ठेवूनच घेतलं. हृदयाभोवती पाणी साठलं होतं. स्नायूंचा पण काहीतरी रिपोर्ट काढला, तोही खूप जास्त. डॉक्टरीणबाईंनी आईंना खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. आई उठल्याच नाहीत. तीनदा प्रयत्न केला आणि मग माझ्याकडे बघून हसल्या, शाळेत गणित न आल्यासारख्या.

डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून आहे. देवेश म्हणाले, दोनतीन महिने. मी मनात मोजलं तर गेल्या गणपतीपासून त्यांचा चेहरा सुजल्यासारखा होता. आम्ही म्हणायचो, आईंची तब्येत सुधारली.

मी त्यांना एकदा बोलले होते. जानेवारीत. कुकर लावायला विसरल्या आणि मी कामावरून येऊन बघते तर झोपलेल्या. मी म्हणाले, "दिवसभर लोळता, एवढं तरी करत जा ना." त्या उठून बसल्या आणि सॉरी म्हणाल्या. सासू सुनेला सॉरी म्हणते ते मला तेव्हा नाटक वाटलं.

वॉर्डात मी त्यांचे केस विंचरत होते तर मूठभर हातात आले. तेव्हा मी त्यांची माफी मागितली. आई म्हणाल्या, "अगो, मला पण वाटत होतं मी नाटक करते."

आता रोज सकाळी उपाशीपोटी गोळी आहे. हृदयावर जोर येऊ नये म्हणून कमी डोसाने सुरू केलंय, हळूहळू वाढवणार. शुक्रवारी घरी आणलं. डॉक्टर म्हणाल्या, आणखी महिना-दोन महिने गेले असते तर बेशुद्धीतच आणावं लागलं असतं. स्नायू भरून यायला वेळ लागेल.

त्यांनी मला तुमच्या त्या पिंजऱ्यांचं अर्धवट सांगितलं. मला फार कळलं नाही. पण त्या विषयावर त्या रडतात. तुम्ही रागावला असाल तर थोडं थांबा, एवढीच विनंती.

श्वेता

*

मुलुंड पूर्व
१५ जून २०२५

चि. दर्शना,

दोन महिने तू एका शब्दाने विचारलं नाहीस. दर रविवारी फोन करून श्वेताकडे माझी चौकशी केलीस, पण पिंजऱ्यांचं नाव काढलं नाहीस. आता मी बरी आहे. आवाज अजून जाड आहे, पण बाईमाणसाचा आहे. काल जमिनीवर बसून चवळीच्या शेंगा निवडल्या आणि हात न टेकता उठले. म्हणून आज लिहायला बसले. खरं खरं लिहिते.

सोमवारी बाटल्या धुवायच्या. औषधाच्या बाटलीला लाल पट्टी, साध्याला पांढरी, आणि बाटलीवर पिंजऱ्याचा आकडा रंगवलेला. हे तुला माहीत आहे. ११ नोव्हेंबरला सकाळपासून मला उभं राहवत नव्हतं. गरम पाणी बादलीत घेतलं, बाटल्या आत टाकल्या आणि स्टुलावर बसले ती झोपच लागली. कामावर असताना मी कधी झोपलेली नाही. दचकून जागी झाले तेव्हा पाणी थंड झालं होतं आणि दोन बाटल्यांच्या पट्ट्या सुटून वर तरंगत होत्या. मी त्या पुसून पुन्हा चिकटवल्या. आकडा बघितला की नाही ते मला सांगता येणार नाही. डोळे सुजलेले, डोक्यात कापूस भरल्यासारखं. त्यानंतर रोजचं पाणी मी पट्टीचा रंग बघून भरत गेले.

मला कळलं ते २ डिसेंबरला. तुम्ही उंदरांचं काम वर लॅबमध्ये करत होतात आणि मी खाली शेवटच्या बाटल्या धुवत होते. हातात तीन नंबरची बाटली आली आणि तिला लाल पट्टी. सात नंबरला पांढरी. मी तिथेच खाली बसले. वर येऊन सांगायला हवं होतं. तेव्हा पाय उचलत नव्हता हे खरं, पण तेवढंच खरं नाही. निवृत्तीला चार आठवडे उरले होते. ऑफिसात निरोपाची तयारी चालली होती. एकतीस वर्षांत एक चूक नाही, हे वाक्य मॅडम सगळ्यांना सांगत होत्या. मला ते वाक्य हवं होतं. मी पट्ट्या काढून टाकल्या, बाटल्या धुतल्या आणि कपाटात ठेवल्या.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा आठवत नाही असं लिहिलं, ते खोटं. मग तू कागद पाठवलास तेव्हा वाटलं, सही केली तर पोरीचं काम होतं आणि माझंही झाकलं जातं.

आजारपणामुळे झालं, असं देवेश म्हणतो. झोप आजारपणामुळे लागली असेल. पण गप्प बसले ती मीच.

सोबत दुसरा कागद आहे. माझ्या हाताने लिहिलाय, तारखांसकट. खाली नाव घातलंय. तो मॅडमना दे आणि आधीचा फाडून टाक. माझं नाव कुठे लिहावं लागलं तर लिही.

सुगंधा

*

भांडुप
६ जुलै २०२५

मावशी,

तुमचा कागद मी चार दिवस बॅगेत घेऊन फिरले. मग मॅडमच्या टेबलावर ठेवला, शेजारी वजनांच्या दोन रेघा.

त्यांनी दोनदा वाचला. मला वाटलं चिडतील. त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "शेवटचे चार महिने बाई माझ्यासमोरून सुजलेला चेहरा घेऊन जात होत्या. आणि माझे थायरॉइडवर बावीस पेपर आहेत." मग त्यांनी कागद पुन्हा हातात घेतला. मी उठावं की बसावं ते कळेना.

पुढे काय झालं ते सांगते. पेपर थांबवलाय. सहा उंदीर आम्ही प्रयोगातून काढले आणि का काढले ते प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीला लेखी कळवलं. उरलेल्या अठरांत काहीतरी दिसतंय, पण शपथेवर सांगण्याइतकं नाही. म्हणून थायरॉइड दाबण्याचा भाग पुन्हा करायचा. परवानगी मिळाली, ऑगस्टमध्ये सुरू करू. फेलोशिप त्याच महिन्यात संपते, म्हणून क्लासच्या दोन बॅच वाढवून घेतल्यात. आईने एकदाच विचारलं, अजून किती. मी म्हटलं, एक वर्ष. तिने माझ्या ताटात भात वाढला.

आता जे सांगायचं ते. तुमच्या कागदावर तुमचं एकटीचं नाव होतं आणि मी तो तसाच दिला असता तर ते चूक झालं असतं. सोमवारी वजनं घेताना मी तिथे उभं राहायचं आणि रजिस्टरमध्ये सही करायची, असा नियम आहे. ११, १८ आणि २५ नोव्हेंबरला माझी सही आहे. मावशी, त्या तिन्ही सोमवारी मी नव्हते. तुम्ही वजनं लिहून ठेवलीत आणि मी तिन्ही सह्या २ डिसेंबरला एका बैठकीत केल्या. मी आले असते तर बाटल्या दिसल्या असत्या. वजनं बघितली असती तरी पंधरा दिवसांत कळलं असतं.

घरी कोणी आजारी नव्हतं. परगावीही गेले नव्हते. मी घरी होते, अंथरुणात. सकाळी उठायचे आणि पार्ल्याला जायचा विचार आला की पुन्हा आडवी व्हायचे. मला कसलाही रोग नव्हता. तुमचा रिपोर्ट आला तेव्हा मीसुद्धा रक्त तपासून घेतलं, काही निघालं तर बरं म्हणून. सगळं नॉर्मल. मी फक्त दमले होते.

फेब्रुवारीत तुम्हाला झेरॉक्स पाठवल्या तेव्हा मी सह्यांचा रकाना पट्टी ठेवून झाकला होता. तुमच्या लक्षात येऊ नये म्हणून. तुमच्या कागदामागे मी दुसरा कागद जोडला, माझ्या नावाचा. मॅडमनी तोही वाचला आणि समितीला दोन्ही पाठवले. मला लेखी समज मिळाली आहे. ती फाइलमध्ये राहील.

हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. तुम्हाला खोटं ठरवत असताना तर नक्कीच.

दर्शना

*

मुलुंड पूर्व
१४ जुलै २०२५

चि. दर्शना,

पत्र मिळालं. श्वेताला वाचून दाखवायला सांगितलं नाही, स्वतःच वाचलं.

तू झाकलास तो रकाना मला झेरॉक्स न बघताही माहीत होता. २ डिसेंबरला सकाळी तू माझ्याच टेबलावर बसून, माझ्याच पेनने तिन्ही सह्या केल्यास. मी शेजारी उभी होते. तुझ्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. तोवर मला बाटल्यांचं कळलं नव्हतं. पोर दमली आहे, करू दे, असं वाटलं आणि मी काही बोलले नाही. दुपारी बाटली हातात आली तेव्हा पहिल्यांदा माझी नाचक्की डोळ्यांसमोर आली आणि लगेच मागोमाग तुझ्या सह्या. वर येऊन सांगितलं असतं तर चौकशीत रजिस्टर उघडलं असतं आणि आधी तुझं नाव पुढे आलं असतं. हे मी मागच्या पत्रात लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं की मी उपकार मोजते आहे. आणि ते उपकार नव्हतेच. तुझ्यासाठी गप्प बसले असं स्वतःला सांगितलं की माझ्यासाठी गप्प बसणं सोपं जात होतं.

समज मिळाली ते वाईट झालं. पण तू लिहून दिलंस, आता फोन वाजला की तुला उचलायची भीती वाटणार नाही. मला वाटत होती.

इकडे ठीक आहे. डोस परत वाढवलाय. चेहऱ्याची सूज उतरली तशी मी एकदम म्हातारी दिसायला लागले, आरशात बघून मलाच हसू आलं. देवेशने तो निरोपाचा व्हिडिओ अजून ठेवलाय. पुसून टाक म्हटलं तर म्हणाला, आई, त्यातलं एक वाक्य चुकलं, बाकीचं खरं आहे.

ऑगस्टमध्ये नवे उंदीर येतील. पट्ट्यांच्या भानगडीत पडू नकोस, बाटल्यांवर रंगच मारून घे. पाणी स्वतः भर. आणि एखाद्या सोमवारी उठवलंच नाही तर झोप खुशाल. दुसऱ्या दिवशी रजिस्टरमध्ये लिही, काल आले नाही, दमले होते. तेवढं लिहिलेलं चालतं. सही मात्र करू नकोस.

सुगंधामावशी